विश्लेषण : सेनापती संताजींचे घोरपडे घराणे कसे उभे राहिले आणि कसे ओसरले?

कोल्हापुरी चपलांच्या दुकानात ‘कापशी’ मागितली की दुकानदार नेमका जोड समोर ठेवतो. ज्या गावावरून हे नाव पडले, ते कागल तालुक्यातील चिकोत्रा खोऱ्यात आहे आणि त्याचे पूर्ण नाव ‘सेनापती कापशी’ असे आहे. नावातले सेनापतिपद संताजी घोरपडे यांच्या घराण्याचे. मालिका आणि व्हिडीओ गेममुळे जपानमधील सामुराई घराण्यांचे उदयास्त आता इथल्या तरुणांनाही माहीत झाले आहेत. तितकाच नाट्यमय उदयास्त कोल्हापूरच्या परिसरातील या लढवय्या घराण्याने अनुभवला. मुघल सरदारांना धडकी भरवणारा सेनापती मराठ्याच्याच हातून मारला गेला आणि तरीही घराणे संपले नाही. ते अनेक शाखांत विभागून पुढची अडीचशे वर्षे टिकले. हे कसे घडले, याचे उत्तर रणांगणापेक्षा वतन आणि सरंजामाच्या हिशोबात अधिक सापडते.

‘घोरपडे’ हे नाव कोठून आले?

घराण्याच्या परंपरेनुसार ही कथा खेळणा म्हणजे आजच्या विशाळगडाशी जोडलेली आहे. बहमनी वजीर महमूद गावान याने पंधराव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात सह्याद्रीतील किल्ल्यांवर मोहीम काढली. खेळणा दाद देईना, तेव्हा कर्णसिंह आणि भीमसिंह या बापलेकांनी घोरपडीच्या कमरेला दोर बांधून कडा सर केला, अशी ही आख्यायिका. कर्णसिंह कामी आले आणि भीमसिंहांना ‘राजा घोरपडे बहादूर’ हा किताब व मुधोळची जहागीर मिळाली, असे सांगितले जाते. या कथेला आधार म्हणून दाखवल्या जाणाऱ्या मुधोळच्या फर्मानांच्या अस्सलपणाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र सतराव्या शतकापर्यंत घोरपडे हे आदिलशाहीतील वजनदार सरदार कुळ झाले होते, याबद्दल वाद नाही.

भोसले आणि घोरपडे एकमेकांचे शत्रू होते का?

काही काळ होते. मुधोळचे बाजी घोरपडे आदिलशाहीच्या चाकरीत होते. १६४८ मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद करण्यात त्यांचा हात होता. हा सल शिवाजी महाराजांनी मनात ठेवला आणि १६६४ मध्ये मुधोळवर चालून जाऊन बाजींचा अंत केला.

पण एका कुळातील सगळी घरे एकाच बाजूला असत, असे त्या काळी नव्हते. याच कुळातील म्हाळोजी घोरपडे स्वराज्याच्या सेवेत होते. १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत हंबीरराव मोहिते पडल्यानंतर संभाजी महाराजांच्या सैन्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. फेब्रुवारी १६८९ च्या आरंभी मुकर्रबखान कोल्हापूरच्या बाजूने सह्याद्री उतरून संगमेश्वरावर आला. त्या वेळी झालेल्या चकमकीत म्हाळोजी लढताना मारले गेले आणि संभाजी महाराज कैद झाले. कापशीच्या घोरपड्यांच्या उदयाची सुरुवात या मरणापासून होते.

म्हाळोजींची मुले पुढे कशी आली?

संताजी, बहिर्जी आणि मालोजी हे म्हाळोजींचे तीन मुलगे. संभाजी महाराजांच्या वधानंतर औरंगजेबाला मराठ्यांचे राज्य संपल्यासारखे वाटत होते. तेव्हा संताजींनी भावांसह आणि विठोजी चव्हाण यांच्यासह तुळापूरजवळच्या बादशाही छावणीवर रात्री छापा घातला आणि तंबूचे सोन्याचे कळस कापून आणले, असे मराठी बखरी सांगतात. राजाराम महाराजांनी संताजींना ‘ममलकतमदार’, बहिर्जींना ‘हिंदुराव’, मालोजींना ‘अमीर-उल-उमराव’ आणि विठोजींना ‘हिंमतबहाद्दर’ हे किताब दिले. हिंमतबहाद्दर चव्हाणांचे घराणेही पुढे कोल्हापूर दरबारातील मानकरी झाले.

कळस कापल्याने बादशहाचे सैन्य घटले नाही, पण दबदबा नक्कीच घटला. पाठोपाठ मे १६९० मध्ये साताऱ्याजवळ सर्जाखान (रुस्तुमखान) या मोठ्या मुघल सरदाराला मराठ्यांनी पकडले. त्या लढाईत रामचंद्रपंत अमात्य, शंकराजी नारायण, धनाजी जाधव आणि संताजी एकत्र होते. १६९१ च्या सुमारास संताजींकडे सेनापतिपद आले.

संताजींची युद्धपद्धती कशामुळे प्रभावी ठरली?

मुघल फौज मोठी होती, पण अवजड होती. तोफा, तंबू, बाजारबुणगे आणि जनानखाना बरोबर घेऊन ती चाले. संताजींची भिस्त हलक्या घोडदळावर होती. शत्रूची रसद तोडायची, पाण्यापासून दूर अडवायचे, तुकड्या सुट्या पाडायच्या आणि मग चारही बाजूंनी तुटून पडायचे, ही त्यांची रीत. मोठ्या सैन्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांना दूरवरून वेळेवर एकत्र आणणे हे त्यांचे खास कसब मानले जाते.

डिसेंबर १६९२ मध्ये जिंजीला वेढा घालून बसलेल्या मुघलांच्या मदतीला निघालेला कांचीपुरमचा फौजदार अलिमर्दानखान संताजींच्या हाती सापडला. नोव्हेंबर १६९५ मध्ये आजच्या चित्रदुर्ग जिल्ह्यातील दोड्डेरी येथे त्यांनी कासिमखान आणि खानाजादखान यांना कोंडले. छोट्या गढीत अडकलेल्या सैन्याचे अन्न संपले. कासिमखान तिथेच मरण पावला आणि उरलेल्यांना मोठी खंडणी कबूल करून अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावे लागले. दोनच महिन्यांनी, जानेवारी १६९६ मध्ये, बसवापट्टणजवळ हिंमतखान मारला गेला. संताजींशी गाठ पडलेला सरदार एकतर मरतो, जखमी होतो किंवा कैद होतो, अशा आशयाची कबुली मुघल इतिहासकार खाफीखान याने दिली आहे.

मग या सैन्याचा खर्च कोण करत होते?

घराण्याच्या उदयाचे आणि पुढच्या पेचाचे मूळ इथे आहे. शिवाजी महाराजांनी सरदारांना जहागिरी देण्याऐवजी रोख वेतन देण्याचे धोरण ठेवले होते. जमीन आणि फौज एकाच्या हाती गेली की तो राजाला जुमानत नाही, हा त्यामागचा विचार. पण राजाराम महाराजांकडे खजिना नव्हता, रायगड गेला होता आणि दरबार जिंजीत होता. समोर औरंगजेब मराठा सरदारांना मनसबी आणि वतने देऊ करत होता. अशा वेळी सरदार आपल्याकडे राखायचे तर तसेच काही द्यावे लागणार होते.

जून १६९१ मधील एक करार या दृष्टीने बोलका आहे. घोरपडे कुळातील हणमंतराव आणि कृष्णाजी यांना मिळून सहा लाख होनांचा सरंजाम कबूल करण्यात आला, पण हप्त्याहप्त्याने. रायगड, विजापूर, भागानगर आणि औरंगाबाद जिंकल्यावर प्रत्येक वेळी एकेक हिस्सा आणि उरलेला अर्धा दिल्ली घेतल्यावर. राजाकडे त्या वेळी देण्यासारखे होते ते न जिंकलेल्या मुलखाचे आश्वासन. ते खरे करण्याची जबाबदारी सरदाराच्याच तलवारीवर होती.

याचा परिणाम असा झाला की फौज सरदाराने उभी करायची, तिचे पोट लुटीवर आणि चौथाईवर भरायचे आणि जिंकलेला मुलूख सरंजाम म्हणून त्यानेच ठेवायचा. यातून राज्य वाचले, पण शिपायाची निष्ठा सिंहासनाऐवजी सरदाराकडे वळली. रामचंद्रपंत अमात्यांनी हा काळ आतून पाहिला होता. पुढे करवीरच्या गादीसाठी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांना सैल सोडू नये, असा कडक इशारा त्यांनी दिला, तो याच अनुभवातून.

राजाराम महाराज आणि संताजी यांच्यात वितुष्ट का आले?

एक कारण स्वभावाचे होते. संताजींची शिस्त कडक होती. लहान चुकीलाही ते मोठी शिक्षा देत, असे खाफीखानानेही लिहिले आहे. सैन्य त्यामुळे धारदार झाले, पण हाताखालचे अनेक मानकरी दुखावले. दुसरे कारण धनाजी जाधवांशी असलेली स्पर्धा. धनाजी सरदारांना सांभाळून घेणारे होते आणि दरबारात त्यांचे वजन होते. तिसरे कारण राजाच्या हतबलतेचे. सगळे विजय ज्याच्या नावावर आहेत, तो सेनापती आपल्या कामाचा मोबदला मागतो आणि राजाकडे द्यायला काही नसते, तेव्हा मागणी उद्धटपणाची वाटते आणि नकार कृतघ्नपणाचा.

१६९६ मध्ये हे प्रकरण विकोपाला गेले. जिंजीच्या परिसरात आयेवारकुटी येथे संताजी आणि धनाजी यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. धनाजींच्या बाजूला खुद्द छत्रपती होते. संताजी जिंकले. धनाजींच्या बाजूचे अमृतराव निंबाळकर पकडले गेले आणि संताजींनी त्यांना हत्तीच्या पायी दिले. राजाराम महाराजही हाती लागले होते. दुसऱ्या दिवशी संताजी हात बांधून त्यांच्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी महाराजांना मोकळे केले, असे सांगितले जाते. पण छत्रपतीवर शस्त्र उचलल्याचा ठपका पुसला गेला नाही. सेनापतिपद धनाजींकडे गेले.

संताजींचा शेवट कसा झाला?

१६९७ च्या पहिल्या सहामाहीत सातारा भागात धनाजींनी संताजींना गाठले. या वेळी संताजींचे बरेचसे सैन्य त्यांना सोडून गेले. शिस्तीने दुखावलेले लोक आणि राजाचा आदेश, दोन्ही त्यांच्या विरोधात होते. मोजक्या माणसांसह ते माण प्रांतातील शंभू महादेवाच्या डोंगराकडे गेले. म्हसवडचे नागोजी माने यांनी तिथे त्यांना गाठून मारले. नागोजींच्या पत्नी राधाबाई या अमृतराव निंबाळकरांच्या बहीण. भावाच्या मरणाचा सूड हे त्यामागचे एक कारण मानले जाते. दुसरे कारणही होते. नागोजी मुघल आणि मराठे अशा दोन्ही बाजूंनी राहिले होते आणि त्यांना बादशहाची माफी हवी होती. संताजींचे शिर औरंगजेबाकडे पोहोचले.

दोड्डेरीच्या विजयानंतर दोन वर्षांच्या आत हे घडले. औरंगजेबाच्या फौजांना जे जमले नाही, ते मराठ्यांच्या आपसातील वैराने केले.

सामुराई घराण्यांच्या बाबतीत काय घडले होते?

याच्या सुमारे शंभर वर्षे आधी जपानमध्ये काई प्रांतातील ताकेदा घराणे घोडदळासाठी असेच नावाजलेले होते. ताकेदा शिंगेन १५७३ मध्ये वारला. १५७५ मध्ये नागाशिनोच्या लढाईत त्याचा मुलगा कात्सुयोरी याचा ओदा नोबुनागा आणि तोकुगावा इयेयासू यांनी पराभव केला. १५८२ मध्ये नातलग आणि मानकऱ्यांनीही साथ सोडली, तेव्हा कात्सुयोरीने आत्महत्या केली आणि घराण्याची सत्ता संपली. ताकेदांचे अनेक अनुभवी शिपाई इयेयासूने आपल्या सैन्यात सामावून घेतले.

शेवटच्या क्षणी आपलीच माणसे सोडून जाणे, हे दोन्हीकडे सारखे आहे. फरक पुढचा आहे. ताकेदांचा प्रांत विजेत्यांच्या ताब्यात गेला आणि शिपाई दुसऱ्या झेंड्याखाली गेले. घोरपड्यांचा सेनापती गेला, पण जमीन आणि किताब भावंडांत आधीच वाटलेले होते. एक मोठा वृक्ष पडला, तरी आजूबाजूचे फुटवे जगले.

घराण्याच्या शाखा कोठे कोठे गेल्या?

१७०७ नंतर छत्रपतींची गादी सातारा आणि कोल्हापूर अशी विभागली गेली आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने ही विभागणी कायम झाली. संताजींचे वंशज करवीरच्या बाजूला राहिले. सेनापती हा किताब आणि कापशीची जहागीर त्यांच्याकडे वंशपरंपरेने राहिली. पण करवीरचे राज्य लहान होते. दक्षिण-उत्तर मोहिमांची सूत्रे सातारा आणि पुण्याकडे गेली. सेनापतीला लढायला मुलूखच उरला नाही, तेव्हा पद मानाचे झाले.

पराक्रमाची जागा दक्षिणेकडील शाखेने घेतली. हिंदुराव घोरपड्यांच्या शाखेने गुत्ती (आज आंध्र प्रदेशात) आणि संडूर (आज कर्नाटकात) येथे बस्तान बसवले. गुत्तीचे मुरारराव घोरपडे हे अठराव्या शतकातील दक्षिणेतले मोठे नाव. १७४१ मध्ये मराठ्यांनी त्रिचनापल्ली घेतली, तेव्हा तिथला कारभार त्यांच्याकडे होता. इंग्रज आणि फ्रेंच यांच्या कर्नाटकातील युद्धांत दोन्ही बाजू त्यांच्या घोडदळाची मदत मागत आणि तेही सोयीनुसार बाजू बदलत. अखेर १७७६ मध्ये हैदरअलीने गुत्ती घेतली. मुरारराव कैदेत मरण पावले. संडूर मात्र १९४९ पर्यंत छोटे संस्थान म्हणून टिकले. लोह आणि मँगनीजच्या खाणींमुळे हा भाग नंतर प्रसिद्ध झाला. याच घराण्यातील एम. वाय. घोरपडे कर्नाटकाचे अर्थमंत्री झाले आणि वन्यजीव छायाचित्रकार म्हणूनही त्यांनी नाव मिळवले.

गजेंद्रगड आणि शिरोळ तालुक्यातील दत्तवाड येथेही घोरपडे घराणी होती. थोरली मानली जाणारी मुधोळची शाखा स्वतंत्र संस्थान म्हणून राहिली. मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्यांना राजाश्रय मिळाला तो तिथेच.

इचलकरंजीचे घोरपडे याच कुळातील आहेत का?

रक्ताच्या नात्याने नाहीत. कोकणातील म्हापण येथील नारो महादेव जोशी हे संताजींच्या पदरी वाढले. धन्यावरील निष्ठेपोटी त्यांनी घोरपडे हे आडनाव घेतले. त्यांच्या मुलाचा, व्यंकटरावांचा, विवाह पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या कन्या अनुबाई यांच्याशी झाला. पुण्याशी सोयरीक जुळल्याने इचलकरंजीचे महत्त्व वाढले. व्यंकटरावांनंतर अनुबाईंनी कारभार खंबीरपणे सांभाळला.

पुढे तलवारीचे दिवस गेले तेव्हा या घराण्याने वेगळी वाट धरली. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या कारकिर्दीत इचलकरंजीत शिक्षण, संगीत आणि उद्योगाला आश्रय मिळाला. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर याच दरबाराचे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि गावाचे वस्त्रनगर होण्यास सुरुवात झाली. कापशीच्या पदरी वाढलेल्या कारभाऱ्याची जहागीर अशा रीतीने कापशीपेक्षा मोठी आणि प्रसिद्ध झाली.

कापशीची जहागीर कधी आणि कशी संपली?

ती एका दिवसात संपली नाही. कोल्हापूरने १८१२ मध्ये इंग्रजांशी तह केला. १८२० च्या दशकातील तहांनी राज्याच्या सैन्यावर मर्यादा आल्या. १८४४ मध्ये सामानगड, पन्हाळा, रांगणा या किल्ल्यांवरील गडकऱ्यांनी उठाव केला. तो मोडून काढल्यावर किल्ल्यांवरील वंशपरंपरेची शिबंदी बरखास्त झाली. युद्धच नाही, तर फौज बाळगण्याच्या अटीवर मिळालेल्या जमिनीचे काय, हा प्रश्न सगळ्याच सरंजामदारांपुढे होता. चाकरीच्या जागी पैसा भरण्याची पद्धत आली आणि सेनापतीची जहागीर महसूल गोळा करणारी इस्टेट झाली. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी यांच्याप्रमाणे कापशीही करवीर संस्थानातील एक मानाची जहागीर म्हणून राहिली.

जपानमध्ये हेच काम सरकारने पाच-सहा वर्षांत उरकले. १८७१ मध्ये सरंजामी प्रांत रद्द झाले, १८७६ मध्ये सामुराईंना तलवार बाळगण्यास बंदी आली आणि त्यांचे पिढीजात तनखे सरकारी रोख्यांत बदलले. दुखावलेल्या सामुराईंचा सात्सुमा येथील उठाव १८७७ मध्ये मोडला गेला. इथे तीच प्रक्रिया सव्वाशे वर्षे चालली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि विलीन प्रदेशांतील जहागिरी नाहीशा करणारा कायदा १ ऑगस्ट १९५४ पासून लागू झाला. जमिनीची नोंद कसणाऱ्याच्या आणि सरकारच्या दप्तरात गेली.

आज या इतिहासाच्या खुणा कोठे आहेत?

कुरुंदवाडला कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या घाटाला संताजींचे नाव आहे आणि तिथली समाधी त्यांची असल्याचे मानले जाते. माण तालुक्यातील कारखेल येथेही त्यांची समाधी दाखवली जाते. कापशीत घराण्याची आठवण गावाच्या नावातच आहे.

संताजींच्या मृत्यूची चर्चा बहुतेक वेळा नागोजींचा दगा, धनाजींचा मत्सर किंवा राजाराम महाराजांचा कच्चा कान, अशी व्यक्तींभोवतीच फिरते. या गोष्टी खोट्या नाहीत. पण रिकाम्या खजिन्याच्या राज्याने न जिंकलेल्या मुलखाच्या हमीवर सैन्य उभे केले, तेव्हाच सेनापती आणि छत्रपती यांच्यातील संघर्षाची सोय झाली होती. याच व्यवस्थेने औरंगजेबाला दक्षिणेत अडकवून ठेवले आणि तिनेच संताजींसारखा सेनापती गमावला. घराणे तगले तेही तिच्याच आधारावर, मिळालेल्या जमिनीवर. लढण्याचे कारण संपल्यावर ती जमीन काही काळ पुरली आणि मग तीही गेली.